मामांची सुतळी आणि हिरवा कागद

तर झालं असं की, दिवाळीला गावी निघालो होतो. गाव म्हणजे चौसाळा, जिल्हा बीड. पुण्यातल्या ऑफिसमध्ये हे नाव सांगितलं की लोक आधी "काय?" म्हणतात आणि मग "अच्छा, बीड का" म्हणून विषय बदलतात. सोलापूर-धुळे हायवेवरचं बाजाराचं गाव आहे. पुण्याहून जायचं तर नगर, जामखेड, पाटोदा करत मांजरसुंब्याला यायचं आणि तिथून सोलापूरच्या दिशेला वळायचं.

गाडी म्हणजे माझी दहा वर्षांची हॅचबॅक. सोबत बायको, तीन वर्षांची लेक आणि डिकी भरून फराळाचे डबे (हो, गावी जाताना पुण्यातून फराळ नेणारे आम्हीच!). निघायच्या आदल्या दिवशी मी जबाबदार नागरिकासारखं ऑइल पाहिलं, कूलंट पाहिलं, टायरकडेही एक नजर टाकली. नक्षी छान खोल दिसत होती. शिवाय जूनमध्येच व्हील अलाइनमेंट करून घेतलं होतं. त्याचा रंगीत कागद ग्लोव्ह बॉक्समध्ये होता. सगळे आकडे हिरवे. म्हणजे काळजीच मिटली.

मांजरसुंब्यानंतर रस्ता चौपदरी लागतो. मागे लेक झोपलेली, गाडी शंभरच्या आसपास. स्टेअरिंग किंचित डावीकडे धरावं लागत होतं. खरं तर ते महिनाभर तसंच होतं, पण मला सवय झाली होती. रोज थोडंथोडं बिघडणाऱ्या गोष्टीची माणसाला फार चटकन सवय होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी आईला घेऊन बीडला जायचं होतं. निघण्याआधी हवा भरावी म्हणून गावातल्या टायरवाल्या मामांकडे गेलो. मामांनी उमेदीची वर्षं ट्रकवर काढली. आधी क्लीनर, मग ड्रायव्हर आणि आता टायरचं दुकान. दुकान म्हणजे पत्र्याचं शेड, एक कॉम्प्रेसर, जॅक, पाने आणि जुन्या टायरांचा ढीग. दिवाळीच्या आसपास आमच्याकडे ऊसतोडीला निघणाऱ्या ट्रक-ट्रॅक्टरांची गडबड असते, त्यामुळे मामांच्या दारात दोन ट्रॉल्या आधीच उभ्या होत्या. मला वाटलं होतं पाच मिनिटांचं काम आहे.

"गुरुजींचा थोरला ना तू? स्टेअरिंग फुल मार," मामा म्हणाले.

"मामा, फक्त हवा भरायचीय."

"मार तर."

मारलं. मामा पुढच्या डाव्या चाकापाशी उकिडवे बसले आणि टायरच्या आतल्या बाजूला हात घातला. मग मला बोलावलं. "ये इकडं. हात लाव."

लावला, आणि बोटाला तार टोचली. बाहेरून छान नक्षी दिसणाऱ्या त्या टायरची आतली कड दोन बोटं रुंदीइतकी पार गुळगुळीत झाली होती. एका जागी तर रबर संपून आतल्या तारा वर आल्या होत्या.

मामांनी गाडीत पाहिलं. मागच्या सीटवर लेकीचं खेळणं पडलं होतं. "पोरीला घेऊन आलास ह्याच्यावर?" एवढंच म्हणाले.

मंडळी, मला पुढचा अर्धा तास धड बोलता येत नव्हतं. तरी इंजिनिअरचा अहंकार असतोच. मी ग्लोव्ह बॉक्समधून तो रंगीत कागद काढला आणि मामांना दाखवला. "पण मामा, जूनमध्येच अलाइनमेंट केलंय. सगळं हिरवं आहे बघा."

मामांनी कागद हातात घेतला, उलटसुलट करून पाहिला, परत दिला. "कागद चांगलाय. चाक खराब हाय."

त्यांनी जॅक लावून चाक उचललं. घड्याळात नऊ आणि तीन जिथे असतात तिथे दोन्ही हातांनी धरलं आणि हलवलं. टक टक. पुन्हा हलवलं. टक टक. "टायरॉड एंड गेलाय. हे अलाइनमेंट करून नाय सुटायचं. ढिल्या खुट्ट्याला दावं बांधून काय उपयोग?"

आजचा सगळा लेख त्या 'टक टक'बद्दल आहे. त्यानंतर मी बरंच वाचलं, तीन-चार दुकानांत उभा राहून पाहिलं आणि माझं एक ठाम मत झालं. आपण अलाइनमेंटच्या नावाखाली ज्यासाठी पैसे मोजतो ते काम चुकीच्या टोकाकडून केलं जातं, आणि त्याला दुकानदारांइतकेच आपणही जबाबदार आहोत.

आधी थोडं तांत्रिक. (कंटाळा आला तर पुढच्या चार परिच्छेदांवरून उडी मारा. पण मारू नका.)

तीन कोन समजून घ्यायचे. पहिला टो. गाडीकडे वरून पाहिलं तर पुढची दोन चाकं एकमेकांना समांतर आहेत, की पुढच्या टोकांनी आत झुकली आहेत, की बाहेर फाकली आहेत, हे टो सांगतो. पायाची बोटं आत वळवून किंवा बाहेर फाकवून चालून बघा, चप्पल कुठे झिजेल ते लगेच कळेल. दुसरा कॅम्बर. गाडीकडे समोरून पाहिलं तर चाक सरळ उभं आहे की वरच्या बाजूने आत किंवा बाहेर कललंय, हे त्यावरून कळतं. तिसरा कॅस्टर. स्टेअरिंग फिरवल्यावर चाक ज्या अक्षाभोवती वळतं, तो अक्ष बाजूने पाहिलं तर मागे किती झुकलाय, तो हा कोन. सायकलचा पुढचा चिमटा असा तिरका असतोच. हात सोडून सायकल सरळ चालते त्याचं एक कारण हा तिरकेपणा आहे. वळणानंतर गाडीचं स्टेअरिंग आपोआप सरळ होतं, तेही बरंचसं कॅस्टरमुळे.

आता एक छोटं गणित. समजा एका चाकाचा टो ०.३ अंशाने चुकलाय. १४ इंची रिमवर मोजलं तर रिमच्या पुढच्या आणि मागच्या कडेत जेमतेम दोन मिलिमीटरचा फरक, म्हणजे डोळ्याला दिसणारही नाही. पण असं चाक दर किलोमीटरला सुमारे सव्वापाच मीटर आडवं घासत जातं. १०,००० किलोमीटर झाले की आडवं घासलेलं अंतर होतं ५२ किलोमीटर. म्हणजे माझा टायर वर्षभरात चौसाळ्याहून बीडपर्यंत आडवा फरफटत गेला आणि तरी अंतर उरलं! आणि रस्त्याला गाडीचा स्पर्श तो केवढा? प्रत्येक टायरचा साधारण तळहाताएवढा. ह्या चार तळहातांवर आपण घरच्यांना बसवून शंभरच्या वेगाने जातो.

दुसरी गोष्ट, जी कळल्यावर मी चाट पडलो. आपल्याकडच्या बहुतेक हॅचबॅकना पुढे मॅकफर्सन स्ट्रट असतो. अर्ल मॅकफर्सन नावाच्या अमेरिकन इंजिनिअरने १९४०च्या दशकाच्या शेवटी ही रचना विकसित केली. स्वस्त, आटोपशीर, कमी भागांची. मागे असते टॉर्शन बीम, म्हणजे दोन्ही चाकांना जोडणारी एक पिळता येणारी आडवी पट्टी. ह्या रचनेत सहसा काय ॲडजस्ट करता येतं? पुढचा टो. बस. कॅम्बर आणि कॅस्टर कारखान्यातच ठरतात, मागचं बहुतेक सगळंच ठरलेलं असतं. टायरॉडवरचा चेकनट सैल करायचा, रॉड पान्याने थोडा फिरवायचा, नट पुन्हा आवळायचा. चकचकीत दुकानातल्या लाखोंच्या थ्रीडी मशिनखाली प्रत्यक्ष 'अलाइनमेंट' म्हणून जे होतं, ते एवढंच.

ट्रकचंही थोडंफार असंच. पुढचा ॲक्सल म्हणजे एक भक्कम बीम, त्यामुळे रोजच्या कामात जुळवायचा तो टो. म्हणून मामांचं इतकी वर्षं सुतळीवर भागलं.

हो, सुतळी. ते कसं करतात हे मी उभ्या आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं. टायरॉड एंड चौसाळ्यात मिळाला नाही. मामांचा भाचा बीडला गेला होता, तो संध्याकाळच्या एसटीने घेऊन आला. तोवर माझी गाडी ठोकळ्यांवर उभी. जुना एंड काढताना मामांनी मोठ्याने आटे मोजले, "एक, दोन, तीन..." आणि नवा बसवताना तितकेच आटे आत नेले. म्हणजे निदान जुन्या जागेच्या आसपास तरी तो बसला. मग डाव्या चाकावर स्टेपनी चढवून गाडी खाली घेतली, चारही चाकांत हवा सारखी केली, गाडी दोन-चार हात पुढेमागे ढकलली. का, तर जॅकवरून उतरवल्यावर चाकं नीट बसलेली नसतात. स्टेअरिंग सरळ करून बांधलं. गाडीच्या दोन्ही बाजूंना, चाकाच्या मध्याच्या उंचीला, एकमेकींना समांतर अशा दोन सुतळ्या ताणल्या. मग स्टीलच्या पट्टीने सुतळीपासून रिमच्या पुढच्या कडेचं अंतर, मागच्या कडेचं अंतर. आकडे खडूने जमिनीवर. चेकनट सैल, पाव फेरा, पुन्हा माप.

सगळं झाल्यावर वाटलं, मामा आता म्हणतील, "बघ, मशिनची गरजच काय." पण नाही. म्हणाले, "उद्या बीडला जाऊन पुढचे दोन्ही टायर नवे टाक आणि मशिनवर बघून घे. माझ्या पट्टीला अर्धा मिलिमीटर दिसत नाही, मशिनला दिसतं."

दुसऱ्या दिवशी मांजरसुंब्याचा घाट एकटाच सावकाश उतरलो (आईला अण्णांनी एसटीने आणलं. मामांनी सकाळीच अण्णांच्या कानावर घातलं होतं, त्यामुळे माझं काही चाललं नाही). मशिनवर सुतळीचं माप कंपनीने दिलेल्या मर्यादेच्या किंचितच बाहेर निघालं. दहा मिनिटांत बरोबर झालं.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. जूनमध्ये कागद हिरवा कसा होता?

आपल्या भाषेत सांगतो. ज्याला आपण 'फ्लेकी टेस्ट' म्हणतो, ती काय करते? कोडमध्ये घोळ असतो, पण टेस्ट कधी पास होते, कधी फेल. नेमकी पास झाली त्या वेळचा रिपोर्ट काढला की बिल्ड हिरवा. टायरॉड एंड ढिला असेल तर चाकाला एक ठरलेला कोन उरतच नाही. मशिनवर उभी असताना ते एका जागी टेकलेलं असतं. पोराने त्या क्षणी आकडा जुळवला, हिरवा झाला, प्रिंट काढली. गाडी बाहेर आली, पहिला स्पीडब्रेकर लागला आणि चाक आपल्या मर्जीने फिरायला लागलं. मशिन खोटं बोललं नव्हतं. गाडी उभी असताना जे दिसलं तेच त्याने सांगितलं. चाक हलवून बघण्याचं काम माणसाचं होतं आणि ते कोणी केलं नाही.

केलं नाही, कारण त्याचे पैसे कोणी देत नाही. मी दुकानात गेलो तेव्हा काय म्हणालो होतो? "अलाइनमेंट-बॅलन्सिंग करायचंय, किती वेळ लागेल?" दुकानाने मला नेमकं तेच विकलं. चाक उचलून, हलवून, "साहेब, आधी हा पार्ट बदला, मग या" असं सांगणारा माणूस त्या दिवशीचं गिऱ्हाईक घालवतो, वर आम्ही त्यालाच "उगाच खर्च काढतोय" म्हणणार. म्हणून माझा राग फक्त दुकानावर नाही. आम्ही हिरवा कागद मागितला, आम्हाला हिरवा कागद मिळाला.

माझं म्हणणं असं आहे, की हे मशिन आपण चुकीच्या कामाला वापरतो. टो जुळवणं हे त्याचं सगळ्यात सोपं काम. त्याची खरी ताकद आहे निदानात. कोणता भाग वाकलाय, मागचा ॲक्सल तिरका झालाय का, हे सगळं त्या स्क्रीनवर असतं आणि कोणी वाचत नाही. डॉक्टरने एक्स-रे काढून फक्त फोटो छान आलाय एवढंच पाहावं, तसं चाललंय.

उदाहरण देतो. मागचा बीम खड्ड्यात आदळून जरासा तिरका झाला, तर मागची चाकं गाडीला एका बाजूला ढकलत राहतात. ह्या दिशेला थ्रस्ट अँगल म्हणतात. गाडी सरळ जाते, पण खेकड्यासारखी, आणि स्टेअरिंग वाकडं धरावं लागतं. मागचं न बघता नुसती पुढची चाकं जुळवली तर कागद हिरवा, स्टेअरिंग वाकडं ते वाकडंच. आणखी एक. स्टेअरिंगच्या अक्षाचा आतला कल आणि कॅम्बर, ह्या दोन कोनांची बेरीज मशिन दाखवतं. डाव्या-उजव्या बाजूची बेरीज सारखी, पण नुसता तो कल वेगळा असेल तर वरचा टॉवर किंवा खालचा सबफ्रेम सरकलेला असण्याची शक्यता. बेरीजच वेगळी असेल तर स्ट्रट किंवा नकल वाकल्याचा संशय. म्हणजे पार्ट न खोलता आरोपी सापडतो! पण मी पाहिलेल्या एकाही दुकानात ह्या ओळीकडे कोणी बघितलं नाही.

त्याऐवजी काय होतं ते ऐका. एका ठिकाणी माझ्यासमोर एका काकांच्या गाडीचा कॅम्बर लाल आला. पोरगा म्हणाला, "कॅम्बर आउट आहे, जॅकने काढून देतो, एका साइडचे इतके." हायड्रॉलिक जॅक लावून त्यांनी स्ट्रट चक्क वाकवला. आकडा हिरवा झाला. काका खूश.

ह्याला माझा कडकडीत विरोध आहे. कॅम्बर हवेत बदलत नाही. तो चुकला म्हणजे काहीतरी वाकलंय, झिजलंय किंवा सरकलंय. लोअर आर्म असेल, नकल असेल, बुश असेल. तो भाग शोधायचा सोडून दुसरा चांगला भाग वाकवला, तर आता दोन भाग वाकडे आणि कागद मात्र हिरवा. एक बग झाकायला दुसरा बग लिहिला आणि रिलीज केला, असा प्रकार. फरक इतकाच की इथे प्रॉडक्शन म्हणजे घाट आहे. आणि तो स्ट्रट एकदा वाकवलेलं पोलाद आहे, पुढच्या खड्ड्याला ते काय करेल ह्याची हमी कोण देणार? काही गाड्यांना कॅम्बरसाठी खास बोल्ट मिळतात, थोडी दुरुस्ती त्यांनी रीतसर करता येते. जॅकने वाकवणं ही दुरुस्ती नव्हे.

आता गाडी 'ओढते' त्याबद्दल, कारण ह्यात सगळ्यात जास्त पैसे वाया जातात. टो दोन्हीकडे सारखाच चुकला असेल तर त्याने सहसा गाडी ओढत नाही, टायर खाल्ला जातो. ओढण्याची कारणं वेगळी. दोन बाजूंच्या कॅम्बर-कॅस्टरमध्ये फरक, हवेत फरक, ब्रेक थोडा धरून राहणं किंवा खुद्द टायरमधला दोष. पुढचे दोन टायर आपसांत बदला (एकाच दिशेने फिरणारे नसतील तर). ओढ दुसऱ्या बाजूला गेली तर दोष टायरचा. शिवाय साध्या दुपदरी रस्त्याला पाणी वाहून जावं म्हणून कडेकडे उतार असतो, आणि आपण डावीकडून चालवतो. त्यामुळे हात सोडल्यावर गाडी हळूहळू डावीकडे सरकणं हा रस्त्याचा गुण असू शकतो. गाडीच्या माथी मारू नका.

थोडा इतिहास सांगून टाकतो, कारण मजेशीर आहे. वळताना आतलं चाक बाहेरच्या चाकापेक्षा जास्त वळायला हवं, कारण आतलं लहान वर्तुळ काढतं. ह्या भूमितीला अकरमन म्हणतात. पण ती शोधली म्युनिकचा घोडागाडी बनवणारा गेऑर्ग लँकेन्श्पेर्गर ह्याने, १८१७ साली. लंडनमधला त्याचा एजंट रुडॉल्फ अकरमन ह्याने १८१८ मध्ये इंग्लंडचं पेटंट घेतलं आणि नाव लागलं एजंटचं! डिझाइन एकाचं आणि प्रेझेंटेशनवर नाव दुसऱ्याचं, ही प्रथा आयटीने सुरू केलेली नाही, एवढंच समाधान. मुद्दा असा, की चाकांचे कोन हा मोटारीपेक्षाही जुना विषय आहे. हे शास्त्र गूढ नाही. पट्टी, सुतळी आणि थोडं डोकं एवढ्यावर समजतं. आपण ते समजून घ्यायचंच सोडलंय.

तर आता मी दुकानात काय करतो ते सांगतो. पटलं तर उचला.

१. टायर थंड असताना हवा ड्रायव्हरच्या दारापाशी चिकटवलेल्या तक्त्याप्रमाणे भरतो आणि डिकीतलं ओझं काढून जातो. गाडी एका बाजूला बसलेली असेल तर कोनच बदलतात.

२. मशिनवर घेण्याआधी चाकं उचलून हलवून दाखवायला सांगतो. नऊ-तीनला आवाज आला तर संशय टायरॉड एंडवर किंवा रॅकवर. बारा-सहाला आला तर बॉल जॉइंट किंवा बेरिंग. लोअर आर्मचे बुश आणि शॉकपही बघायला लावतो. ह्याचे वेगळे पैसे देतो. आनंदाने देतो.

३. स्क्रीनवर माझंच मॉडेल आणि वर्ष निवडलंय का ते बघतो. चुकीच्या गाडीच्या मापात बसलेला हिरवा रंग काय कामाचा?

४. गाडी पुढेमागे सरकवून मशिनला रिमचा वेडेवाकडेपणा वजा करू देतात का, पुढच्या चाकांखालच्या फिरत्या प्लेटच्या पिना काढल्यात का आणि स्टेअरिंग डावीकडे-उजवीकडे फिरवून कॅस्टर मोजतात का, हे पाहतो. कॅस्टर सरळ मोजता येत नाही, चाक वळवताना कॅम्बर किती बदलतो त्यावरून काढतात. स्टेअरिंग न फिरवता कॅस्टरचा आकडा छापला असेल तर तो कुठून आला ते विचारा.

५. आधीचा आणि नंतरचा, दोन्ही कागद घेतो. आधीच्या कागदात बातमी असते, नंतरच्यात फक्त समाधान.

६. कॅम्बर लाल आला तर "कोणता पार्ट वाकलाय?" एवढंच विचारतो. जॅक दिसला की गाडी घेऊन निघतो.

७. नव्या गाड्यांत स्थिरता राखणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा असेल तर स्टेअरिंगच्या सेन्सरचं शून्यही पुन्हा लावावं लागू शकतं. काचेवर कॅमेरा असेल तर कंपनीचं पुस्तक काय म्हणतं ते वाचावं.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, महिन्यातून एकदा स्टेअरिंग फुल मारून टायरच्या आतल्या कडेला हात लावतो. (तारा असतील ह्या हिशोबाने, हळूच!) कायद्याने कारच्या टायरला निदान १.६ मिलिमीटर खोल नक्षी हवी, त्यासाठी खाचांत छोटे उंचवटे दिलेले असतात. पण आपण बाहेरून दिसतात तेवढेच बघतो. टायर मरतो आतून.

"दर पाच हजाराला अलाइनमेंट केलंच पाहिजे का?" असं मित्र विचारतात. माझं उत्तर, तपासणी करा, जुळवणी गरज असेल तरच. मोठा खड्डा लागला, स्टेअरिंग वाकडं झालं, टायर एका कडेने झिजतोय किंवा टायरॉड, लोअर आर्म, स्ट्रट ह्यांपैकी काही खोललं, तर कधीही. नाहीतर टायर पुढचे मागे करताना बघून घ्यावं. आणि हो, टायर फिरवण्याआधी ते कसे झिजलेत ते पाहून घ्या. पुढचे मागे गेले की पुरावा नजरेआड होतो.

हे सगळं करायला मला अर्धा तास जास्त लागतो. दुकानातली पोरं सुरुवातीला वैतागतात. एकाने विचारलं, "साहेब, तुमचं पण गॅरेज आहे का?" मी म्हणालो, "नाही, पोरगी आहे."

निघताना मामांना पैसे विचारले. त्यांनी पार्टचे आणि चाक खोलण्या-बसवण्याचे सांगितले. "आणि सुतळीचे?" मी विचारलं. म्हणाले, "त्याचे काय घ्यायचे? ते बघायचंच असतं." शेजारी ट्रॉलीवाला उभा होता. त्याच्या चारही चाकांना मामांनी असाच हात लावून पाहिला होता आणि एक टायर निघण्याआधी बदलायला लावला होता. तो आणि त्याची बायकापोरं त्याच संध्याकाळी कारखान्याच्या रस्त्याला लागणार होती. त्याला टायरची किंमत माझ्यापेक्षा कितीतरी जड. तरी त्याने हुज्जत घातली नाही. मामांनी हात घालून सांगितलंय म्हणजे बदलायचा, एवढा त्याचा हिशोब सरळ होता.

माझ्याकडे हिरवा कागद होता म्हणून मी हुज्जत घातली.

असो. आज शनिवार आहे. हे वाचून झालं की खाली पार्किंगमध्ये जा, स्टेअरिंग फुल मारा आणि आत हात घाला. दोन मिनिटांचं काम आहे.